भांगेचं वाण निवडीतूनच घडवा

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पोलिसांनी गांजाची शेती उद्ध्वस्त केली, ही बातमी धुळे जिल्ह्यातल्या वाचकाला नवी नाही. वनजमिनीच्या तुकड्यावर, कपाशी-तुरीच्या आडोशाने लावलेली झाडं उपटली जातात, पंचनामा होतो, गुन्हा दाखल होतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ज्याच्या वावरात झाडं सापडली तो आत जातो. बी कुणी आणून दिलं, हा प्रश्न पंचनाम्यात मागेच राहतो.

त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात एक वेगळी वाट आहे. गांजा ज्या झाडापासून मिळतो त्याच भांगेची लागवड धागा किंवा बी मिळवण्यासाठी करायला सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडाने २०१८ मध्ये ही वाट उघडली, अट एकच ठळक: झाडातला टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांच्या वर जायला नको. २०२१ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या झाडाचं बी, बियांचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. आपल्याकडे तशी लागवड सुरू झालेली नाही. पण कापसाला पर्याय काय, अशी चर्चा खान्देशात निघाली की हल्ली कुणीतरी हेम्पचं, म्हणजे या धाग्याच्या भांगेचं, नाव काढतंच, आणि लगोलग दुसरा प्रश्न येतो: नशा नसलेलं हे झाड आणायचं कुठून? जनुकात बदल करून, की पिढ्यान् पिढ्या निवड करून?

माझं मत आधीच सांगतो. धाग्यासाठी आणि बियांसाठी लागणारं वाण निवडीतून घडू शकतं, निवडीतूनच घडवावं, ते सरळ वाण, म्हणजे ज्याचं बी घरी राखून पुन्हा पेरता येतं असं, असावं आणि ते सरकारी संशोधन केंद्रातून यावं. जनुकबदलाला माझा विरोध विषाच्या भीतीपोटी नाही. ती भीती या झाडाच्या बाबतीत चुकीच्या जागी बसलेली आहे, आणि आधी तिच्याबद्दलच बोललं पाहिजे.

आजचा गांजा पूर्वीपेक्षा फार कडक झाला, तो 'जेनेटिकली मॉडिफाइड' असल्यामुळे, असं सर्रास बोललं जातं. हे खरं नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजाचे नमुने मिसिसिपी विद्यापीठात वर्षानुवर्षं तपासले गेले. १९९५ च्या सुमारास त्यात सरासरी चार टक्के टीएचसी होतं, २०१४ पर्यंत ते बारा टक्क्यांच्या आसपास गेलं. ही तिप्पट वाढ प्रयोगशाळेत जनुक घुसवून झालेली नाही. जास्त राळ देणारं मादी झाड निवडायचं, त्याचा दुसऱ्या तशाच झाडाशी संकर करायचा, पुढच्या पिढीत पुन्हा तेच करायचं, यावर आणि माद्यांना बी धरू न देण्यावर ती मुख्यतः झाली. फक्त मादी झाडंच उगवतील असं महागडं बी तिकडच्या बाजारात मिळतं, तेही जनुकबदलाचं नाही. मादी झाडावर चांदीच्या एका क्षाराचा फवारा मारला की त्याला नरफुलं येतात. त्या परागातून तयार झालेलं बी सगळं मादी निघतं. फवाऱ्याची युक्ती आहे, बाकी काही नाही.

आपल्या देशात तर हे ज्ञान फार जुनं आहे. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. त्याच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या गांजाशेतीचं तपशीलवार वर्णन आहे. तिथे 'पोद्दार' नावाचे जाणकार लोक मजुरीवर बोलावले जायचे. शेतातून वाकून चालत ते एकेक झाड निरखायचे आणि फुलोरा उमलायच्या आत नर झाड ओळखून उपटायचे. एखादं जरी नर झाड नजरेतून सुटलं तरी आसपासच्या माद्यांमध्ये बी धरायचं आणि मालाची किंमत पडायची. त्या काळी मध्य प्रांतात गांजा पिकायचा तो खांडव्याकडे. आपल्यापासून ते लांब नाही. भुसावळहून गाडीने बऱ्हाणपूर ओलांडलं की खांडवाच. म्हणजे कडक गांजा ही निवडीची करामत आहे, आणि ती करणारे हात शेतकऱ्यांचे होते. 'पारंपरिक निवडीतून आलं, म्हणून निर्धोक' हे वाक्य निदान या झाडासमोर टिकत नाही.

जी निवड नशा वाढवते तीच ती उतरवतेही. युक्रेनमधल्या ह्लुखीव गावच्या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकापासून उलट्या दिशेने निवड केली. सर्वांत कमी टीएचसी असलेली झाडं ठेवायची, बाकीची उपटायची. त्यातून यूसो-३१ सारखी वाणं आली, ज्यांत टीएचसी जवळजवळ नाहीच. एकही जनुक बाहेरून आणलेलं नाही. २०२१ मध्ये जगभरातल्या एकशे दहा झाडांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार माणसाने हे झाड पूर्व आशियात सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी जवळ केलं, आणि धाग्याची जात नि नशेची जात या फांद्या गेल्या चार हजार वर्षांच्या आसपास अलग झाल्या. झाड एक, माणसाच्या गरजा दोन, आणि निवडणाऱ्या हाताने त्यातून दोन पिकं केली.

हे शक्य का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. मादी फुलांवरच्या बारीक ग्रंथींमध्ये आधी सीबीजीए नावाचं आम्ल तयार होतं. तिथून दोन वाटा फुटतात. एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं रूपांतर टीएचसीच्या आम्लात करतं, दुसरं सीबीडीच्या आम्लात, ज्याने नशा चढत नाही. कोणतं विकर कामाला लागेल हे मुख्यतः जनुकसंचातल्या एकाच ठिकाणावर ठरतं, आणि त्या ठिकाणाची वाटणी जवळपास मेंडेलच्या वाटाण्यांसारखी होते. टीएचसीच्या जातीचा आणि सीबीडीच्या जातीचा संकर केला तर पहिली पिढी मधली निघते, दुसऱ्या पिढीत चारात एक झाड शुद्ध सीबीडीचं मिळतं. म्हणजे निवडणाऱ्याला अंधारात चाचपडायचं नाही. रोप चार पानांचं असताना त्याच्या पानाचा तुकडा तपासून ते कोणत्या घरचं हे कळतं. अशी तपासणी म्हणजे जनुकबदल नव्हे. यात झाडात काही घातलं जात नाही; आत काय आहे ते फक्त वाचलं जातं.

मग जनुकबदलाची गरज कुठे पडते? पडते, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. सीबीडी बनवणारं विकरच थोडं टीएचसीही तयार करतं. औषधासाठी सीबीडी भरपूर हवं असेल तर त्यासोबत टीएचसीही वाढतं आणि ०.३ ची रेघ ओलांडतं. हे प्रमाण एकमेकांना बांधलेलं असल्याने नुसत्या निवडीने ते फारसं तुटत नाही. इथे जनुक बंद करण्याची विद्या खरोखर उपयोगी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'बॅजर जी' नावाचं हेम्प तयार केलं आहे. त्यात टीएचसी आणि सीबीडी या दोन्ही वाटा जनुक संपादनाने बंद केल्या आहेत. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी तर झाडालाच फाटा दिला: यीस्टमध्ये जनुकं बसवून, तिला साखर खाऊ घालून हेच घटक टाकीत बनवून दाखवले. औषधाच्या कारखान्यासाठी मला हा मार्ग पटतो. टाकीतून पराग उडत नाही, आणि टाकीमुळे कुणाच्या वावरात धाड पडत नाही.

पण शिरपूर-चोपड्याच्या शेतकऱ्याला औषधाचा घटक विकायचा नाही. कायद्याने त्याला उद्या मिळू शकतं ते धाग्याचं आणि बियांचं पीक. त्यासाठी लागणारी सगळी सामग्री निवडीच्या हाती आहे. ती सोडून जनुकबदलाकडे का वळावं, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. 'ते आधुनिक आहे' एवढंच कानावर येतं.

आधुनिकतेचा एक हिशेब खान्देशाने चुकवलेला आहे, म्हणून हा आग्रह. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली. ती फसवी होती असं मी म्हणणार नाही. हिरव्या बोंडअळीने ज्यांनी रात्री जागवल्या त्यांना पहिल्या वर्षांतला फरक आठवत असेल. फवारे कमी झाले, बोंडं हाती आली. जिवाणूतून घेतलेलं ते जनुक आपलं काम करत होतं. गडबड त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेत होती. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगरबीटी सरकीची १२० ग्रॅमची छोटी पुडी यायची. ती वावराच्या कडेने पेरायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील आणि बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकार पसरायला वेळ लागेल. किती जणांनी ती पेरली? ती पुडी बांधावर, गोठ्याच्या वळचणीला पडलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण कडेच्या पाच ओळी अळीला खायला सोडायच्या, हे त्याला कुणी धड समजावलंच नाही आणि त्याची नुकसानभरपाई तर कुणी देऊ केलीच नाही. त्यात मे महिन्यातली बागायती लागवड आणि हंगामानंतर राखलेली फरदड. गुलाबी अळीला वर्षभर घर मिळालं. २०१७ च्या खरिपात तिने काय केलं ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट जास्त खोल गेली. भारतात बीटी जनुक आलं ते संकरित वाणांत बसून. संकरिताचं बी राखून पेरलं तर गुण टिकत नाहीत, म्हणून दर जूनला कृषी केंद्राच्या दारात रांग. पाकिटाची किंमत एकेकाळी सोळाशे रुपयांच्या वर होती. २००६ मध्ये आंध्र सरकारने तक्रार केल्यावर ती निम्म्याहून खाली आली. म्हणजे जनुकाची खरी किंमत किती आणि मक्तेदारीची किती, हे तेव्हा उघड झालं. आणि आता तणनाशक सहन करणारं 'चोर बीटी' बिनपावतीचं येतं. ते फेल गेलं तर दाद मागायला कागदही नसतो. जळगावच्या केंद्रातून आलेली देशी कपाशीची सरळ वाणं या वीस-बावीस वर्षांत वावरातून जवळपास हद्दपार झाली. कुणी बंदी घातली नव्हती, बी मिळेनासं झालं एवढंच.

याच जळगावच्या तेलबिया केंद्राने तैवानहून आलेल्या एका भुईमुगातून निवड करून जेएल-२४, म्हणजे 'फुले प्रगती', काढला. नव्वद दिवसांत येणारा, सरळ, शेंगा घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येणारा. तो खान्देशापुरता राहिला नाही, पार आफ्रिकेपर्यंत गेला. परदेशातून आलेलं बी, सरकारी केंद्रातली निवड आणि शेतकऱ्याच्या कोठीत उरणारं वाण: भांगेसाठी मला हेच हवं आहे.

शेतकरी स्वतः निवड करू शकत नाही का, असं कुणी विचारेल. यावल तालुक्यात बामणोदच्या परिसरात भरताची वांगी होतात, त्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फिकट हिरवं, मोठं, पातळ सालीचं, कमी बियांचं ते वांगं कोणत्या कंपनीने घडवलेलं नाही. चांगल्या झाडावरचं चांगलं फळ हेरायचं, ओळखू यावं म्हणून देठाला चिंधी बांधायची, तोडणीच्या गड्याला बजावून ठेवायचं, फळ झाडावरच पिवळं पडू द्यायचं. मग ते चिरून पाण्यात चोळायचं. तरंगणारं बी फेकायचं, तळाशी बसलेलं राखेत घोळून सावलीत वाळवायचं. पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याची जी चव आपण मिरवतो ती या चिंधीतून आली आहे. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली तेव्हा देशभर जो वाद झाला, त्यात असं शेतकऱ्याच्या हातचं वाण नाहीसं होईल, हीच भीती बोलली गेली होती.

पण वांग्याचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं. चांगली आई निवडली की बापही बहुतेक तोच निवडला जातो. भांगेचं तसं नाही. नर वेगळा, मादी वेगळी, आणि पराग वाऱ्यावर. तो किती लांब जातो? मोरोक्कोच्या शेतांतला भांगेचा पराग समुद्र ओलांडून स्पेनच्या किनाऱ्यावरच्या यंत्रांत सापडलेला आहे. तेव्हा एखाद्या शेतकऱ्याने निगुतीने हेम्पचं बी धरलं आणि चार डोंगरांपलीकडे कुणी चोरून गांजा लावलेला असला, तर पुढच्या वर्षी त्याच्या वावरात काही झाडं ०.३ च्या वर जाणार. डोळ्यांना ती ओळखू येणार नाहीत. म्हणून या पिकाचं मूळ बी एकट्या शेतकऱ्यावर सोडता येत नाही; ते अलग जागी, राखणीखाली, दर पिढीला तपासून वाढवणारी संस्था लागते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची खान्देशातली केंद्रं यासाठीच आहेत.

हाच पराग जनुकबदलाच्या बाजूनेही लक्षात घ्यायला हवा. हिमालयाच्या पायथ्यापासून उत्तर भारतभर भांग रानोमाळ उगवते. तिच्यात जे वैविध्य आहे ते जगात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. बाहेरचं जनुक घातलेलं, समजा तणनाशक सहन करणारं हेम्प मोकळ्या वावरात आलं तर ते जनुक त्या रानभांगेत शिरणारच. कपाशीचा पराग बोजड, किडीच्या अंगावरून जाणारा. तरी आपण चोर बीटीला आवरू शकलो नाही. वाऱ्यावर जाणाऱ्याला कोण आवरणार?

जनुकबदलाच्या बाजूने दोन आक्षेप येतात. पहिला, निवडीला फार वर्षं लागतात. लागतात, पण भांग हे लहान दिवसाचं, म्हणजे दिवस लहान झाले की फुलणारं, झाड आहे, काचगृहात प्रकाश आवरून वर्षात दोन-तीन पिढ्या काढता येतात, आणि रोपाची तपासणी असल्याने फुलोऱ्याची वाट पाहावी लागत नाही. शिवाय जनुक बदललेल्या झाडालाही खान्देशात रुळवायला निवडच करावी लागणार. युक्रेनचं बी आणून जळगावला पेरून बघा. तिकडे उन्हाळ्यातला दिवस सोळा तासांचा, इथे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आसपास. झाडाला वाटेल दिवस लहान झाले, आणि ते गुडघ्याएवढं असतानाच फुलोऱ्यावर येईल. मग धागा कशाचा काढणार? कमी टीएचसीचा गुण तिकडून घ्यायचा, इथल्या उन्हात नि इथल्या दिवसात उंच वाढण्याचा गुण देशी भांगेतून घ्यायचा, आणि दोन्हींच्या संकरातून पुढे निवडत जायचं. हे काम टाळून कोणतीच पद्धत पुढे जाऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचं जनुक न घालता केलेल्या संपादनाला जनुकबदलाच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि २०२५ मध्ये तशा भाताची दोन वाणंही जाहीर झाली. मग भांगेतलं टीएचसीचं जनुक फक्त बंद केलं तर हरकत काय? शास्त्राच्या दृष्टीने मला हरकत दिसत नाही; एखाद्या झाडात ते जनुक आपोआपही बिघडलेलं सापडतं. पण त्या संपादनाच्या अवजारांची मूळ पेटंटं परदेशी संस्थांच्या हाती आहेत, आणि वाण बाजारात आणताना त्यांचा हिशेब कुणाला तरी चुकता करावा लागतो. आपल्या २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या एकोणचाळिसाव्या कलमाने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, बदलायचा, विकायचाही हक्क दिला आहे. एवढा मोठा हक्क फार थोड्या देशांत आहे. ज्या गुणासाठी पेटंटाचं दार ठोठवावं लागत नाही, त्यासाठी तो हक्क पणाला का लावायचा? संपादनाचं संशोधन सरकारी काचगृहात खुशाल चालावं. वावरात येणारं पहिलं वाण मात्र असं असावं की ज्याच्यावर कुणाचीच फी लागू नाही.

या सगळ्यात ०.३ टक्के या आकड्याबद्दलही बोललं पाहिजे. १९७६ मध्ये कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी दोन प्रकारची झाडं वर्गीकरणासाठी वेगळी करायला ही रेघ सोयीची म्हणून आखली. नशा कुठून सुरू होते याचं ते मोजमाप नव्हतं. पुढे देशोदेशींच्या कायद्यांनी तीच उचलली. ०.२९ वाला शेतकरी आणि ०.३१ वाला आरोपी, असा प्रकार उद्या आपल्याकडे व्हायला नको.

म्हणून राज्याने कधी परवानगीचा मसुदा केला तर त्यात एक कलम आधी लिहावं. प्रमाणित बी पेरलं, त्याची पावती आहे, परवान्यातलंच क्षेत्र आहे, आणि तरीही पीक रेघेच्या वर गेलं, तर ते पीक सरकारने नष्ट करावं, उत्पादन खर्च बी देणाऱ्या संस्थेने भरून द्यावा, आणि शेतकऱ्यावर गुन्हा दाखल होऊ नये. फुलोऱ्याची तपासणी पेरणीनंतर ठरलेल्या आठवड्यात, तालुक्याच्या ठिकाणी, सरकारी खर्चाने व्हावी. नमुना घेऊन शेतकऱ्याला पुण्या-मुंबईला पाठवू नये. बी देणारा सरकारी असो की खासगी, निवडीचा असो की जनुकबदलाचा, ही जबाबदारी त्याने आधी कागदावर घ्यावी. ती घ्यायला जो तयार नसेल त्याचं बी सातपुड्याखालच्या कोणत्याही वावरात उतरू देऊ नये.